बेल्जियममधल्या लिएजच्या एका बेनाम बुलडॉग रिव्हॉल्व्हरची ओळख पटवताना: कामाच्या नोंदी

वस्तू: पाच घरांचं (फिरत्या सिलिंडरात पाच काडतुसं बसणारं), सेंटरफायर (काडतुसाच्या मधोमध टोक आपटणारं), अखंड चौकटीचं खिशातलं रिव्हॉल्व्हर. नळी 63 मि.मी. मूठ अक्रोडाची, चौकड्या कोरलेली. निकेलचा मुलामा बराच उडालेला. वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुल डॉग’ कोरलेलं, कारखान्याचं नाव कुठेच नाही. सोबत चालत आलेली माहिती एवढीच: ‘सत्तावनच्या बंडातलं आहे.’

शोधायचं ते असं: कुठे बनलं, कधी बनलं, आणि सगळे भाग मूळचे आहेत का. ‘कोणी बनवलं’ हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे.

9 नोव्हेंबर 2024. आधी कागद

पेचकस हातात घेण्याआधी परवाना. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण लोक ती अर्धवट वाचतात. सूट मिळते ती कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला, आणि तेही दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. ‘दुरुस्ती करून’ हे शब्द महत्त्वाचे. गंजून बसलेलं पण सांगाडा शाबूत असलेलं रिव्हॉल्व्हर या सुटीत बसतं असं स्वतःच ठरवू नये. या नगाला परवाना आहे आणि काम परवानाधारक कारागिराच्या टेबलावर चाललं आहे. माळ्यावर विनापरवाना नग सापडला तर साफसफाईची घाई न करता वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात कळवावं.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून परदेशातल्या जाणकाराला दाखवायचे ते फोटो.

10 नोव्हेंबर. रिकामं आहे याची खात्री

उजव्या बाजूचं काडतूस भरायचं दार उघडून पाचही घरं एकेक करून पाहिली. गंजलेलं काडतूस घराच्या रंगाचंच दिसतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये. नळीच्या तोंडातून लाकडी काडी आत घालून ती थेट सिलिंडरच्या मागच्या फळीला टेकते का ते प्रत्येक घरासाठी पाहायचं. सिलिंडर हाताने फिरत नव्हता, त्यामुळे घोडा अर्धवट मागे घेऊन, अंगठ्याने धरून, एकेक घर पुढे आणलं. घोडा सोडून ‘टक्’ करून बघायचा मोह आवरावा. याचं टोक घोड्याच्याच अंगचं आहे. ते तुटलं तर नवं घडवावं लागतं आणि नगाचं मूळपण जातं.

12 नोव्हेंबर. घडण पाहून काय कळलं

सत्तावनची गोष्ट इथेच संपली. 1857 मध्ये हिंदुस्थानात जी रिव्हॉल्व्हरं होती ती टोपीची: कोल्टचं 1851 चं नेव्ही, अ‍ॅडम्स, बोमाँ-अ‍ॅडम्स. दारू आणि गोळी समोरून भरायची, मागे निपलवर तांब्याची टोपी बसवायची. या नगाची घरं आरपार आहेत, मागून धातूचं काडतूस जातं आणि टोक त्याच्या मधोमध आपटतं. अशी काडतुसं ब्रिटिश लष्करात आणि आयरिश पोलिसांत रुळली ती 1868 पासून. बुलडॉग ही आखूड घडण बर्मिंगहॅमच्या वेबली कारखान्याने 1872 मध्ये आणली: पाच घरं, साधारण अडीच इंची नळी, मोठं काडतूस. म्हणजे खालची मर्यादा एका झटक्यात पंधरा वर्षं पुढे सरकली, तीही ठसे न वाचता.

‘ब्रिटिश बुल डॉग’ या अक्षरांवरून मात्र काहीच ठरवू नये. हे नाव वेबलीने 1878 मध्ये नोंदवलं, तरी बेल्जियम, जर्मनी, स्पेन आणि अमेरिकेतही या घडणीच्या नकला निघाल्या आणि कित्येकांवर हेच नाव कोरलेलं असे. ती दुकानदाराची भाषा आहे. वेबलीच्या अस्सल नगावर ब्रिटिश चाचणीचे ठसे (शस्त्र सरकारमान्य चाचणीघरात पारखल्याच्या खुणा) असतात: लंडनचे असतील तर मुकुटाखाली जी-पी आणि व्ही, बर्मिंगहॅमचे असतील तर मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि त्यांत अक्षरं. इथे त्यातलं काही नाही.

16 नोव्हेंबर. ठशांचं पहिलं वाचन

रॉकेलात भिजवलेल्या सुती चिंधीने मळ काढला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, लिंबू, फॉस्फोरिक आम्ल यांतलं काहीही नाही. ठशाची खोली मि.मी.च्या दहाव्या भागाएवढी असते, एकदा पॉलिश मारलं की पुरावाच जातो.

दिसलं ते असं. चौकटीवर चांदणीखाली एक अक्षर, म्हणजे चाचणीघराच्या तपासनिसाचं. नळीच्या बुडाशी एक छोटा खांब, पायऱ्यांवर उभा. सिलिंडरच्या कडेला लंबगोल, आत ई-एल-जी ही अक्षरं आणि खाली चांदणी. लंबगोल म्हणजे लिएजचं चाचणीघर. शहर बेल्जियमचं, म्यूज नदीकाठचं. चाचणीघर 1672 चं, आणि प्रत्येक नळीची चाचणी सक्तीची झाली ती नेपोलियनच्या 1810 च्या हुकुमाने. खांब म्हणजे ‘पेरों’, त्या शहराचं मानचिन्ह, 1853 पासून ठशात आलेलं.

तारखेसाठी कामाचे बदल मोजकेच आहेत, ते एकत्र लिहून ठेवतो:

तपासनिसाचं अक्षर 1877 पर्यंत मुकुटाखाली, त्यानंतर चांदणीखाली. लंबगोलावर मुकुट नसेल तर 1893 च्या आधीचा, असेल तर 1893 पासूनचा. मुकुटाखाली आर म्हणजे आतून चर पाडलेली नळी, हा ठसा 1894 पासून. सिंहाखाली पी-व्ही म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी, 1898 पासून.

पहिल्या वाचनात लंबगोलावर मुकुट दिसला नाही. तपासनिसाचं अक्षर चांदणीखाली. म्हणून तात्पुरती नोंद: 1877 ते 1893.

तपासनिसाच्या अक्षरावरून माणसाचं नाव काढायच्या नादी लागू नये. तेच अक्षर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांकडे होतं, आणि मुळात ते चाचणीघराच्या नोकराचं अक्षर आहे, कारागिराचं नव्हे.

17 नोव्हेंबर. सिलिंडर निघत नाही

या घडणीत सिलिंडर ज्या आसावर फिरतो तो पोकळ असतो आणि काडतूस ढकलायची सळी त्यातच राहते. सळी पुढे ओढून बाजूला वळवायची, मग आस ओढून काढायचा. सळी निघाली. आस हलेना. गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो, कारण दारूची काजळी हवेतला ओलावा धरते.

बाजारातला गंज सोडवायचा स्प्रे निष्फळ ठरला. तो पातळ असतो, बाहेर वाहून जातो, उडून जातो. त्याऐवजी अ‍ॅसिटोन आणि गाडीच्या गिअरबॉक्सचं ए-टी-एफ तेल निम्मं-निम्मं. मूठ त्याआधी काढलीच पाहिजे, अ‍ॅसिटोन लाकडावरचं जुनं तेल धुऊन नेतो. हे मिश्रण बाटलीत घालून ठेवून चालत नाही, दोन थर वेगळे होतात, दर वेळी हलवून घ्यावं. नळी वर करून उभं ठेवायचं आणि रोज चार थेंब.

मूठ काढण्याची रीत: स्क्रू पूर्ण काढायचा नाही. तीन-चार आटे सैल करून स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. पलीकडची फळी आपोआप सुटते. फटीत पातं घालून उचकटलं तर अक्रोडाची कड हमखास उडते. स्क्रूची खाच फार अरुंद आहे, बाजारातला पाचरीसारखा पेचकस तळाला पोचत नाही आणि खाचेचे ओठ उचलतो. जुन्या पेचकसाचं टोक दगडावर घासून दोन्ही बाजूंनी समांतर करून घेतलं. खर्च शून्य, वेळ तासाभराचा, पण पुढे प्रत्येक स्क्रूला उपयोगी पडलं. एक स्क्रू हरवला तर मात्र महागात पडतं. हे आटे आजच्या कुठल्याही मापात बसत नाहीत, कारागिराला एकटा स्क्रू कातून द्यावा लागतो.

30 नोव्हेंबर. आस निघाला

पितळी सळी आणि 100 ग्रॅमची हातोडी, हलके पण बरेच ठोके. पोलादी पंचने आसाचं तोंड फुलतं आणि मग तो कधीच निघत नाही, म्हणून पितळच.

सिलिंडर बाहेर आल्यावर दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, नळीच्या बुडाला, सिलिंडरच्या आड लपलेला मुकुटाखालचा आर. म्हणजे 1894 नंतरचं. पण लंबगोल तर बिनमुकुटाचा, 1893 पूर्वीचा! दोन्ही खरे असतील तर नळी नंतर बदललेली असावी.

दुसरी, आकडे. चौकटीवर आतल्या बाजूला 98. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर 86. भरायच्या दारावर 98. इथे बरेच जण ‘सिलिंडर दुसऱ्याचा’ असं लिहून मोकळे होतात. 98 उलटा धरला की 86 दिसतो. सिलिंडरच्या गोल तोंडावर वर-खाली अशी दिशाच नसते. कोणतं ते ठरवायला आकड्याची घडण पाहायची: ठशातला 9 आणि 6 एकाच खिळ्याने मारला जातो, पण 8 चा वरचा डोळा खालच्यापेक्षा लहान असतो. भिंगातून पाहिल्यावर लहान डोळा कुठे आहे ते दिसलं आणि 98 पक्का झाला. असेच फसवणारे आकडे: 66 आणि 99, 68 आणि 89, 16 आणि 91.

हा 98 कारखान्याचा अनुक्रमांक नव्हे. लिएजचा धंदा घराघरांतून चाले. नळ्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या नेसोंव्हो, त्रूझसारख्या गावांत घडत, बाकीचे भाग हेर्स्तालच्या आणि आसपासच्या घरांतून येत, घासणारा वेगळा, कोरणारा वेगळा. ज्याचं नाव लागायचं तो बऱ्याचदा हे सगळं गोळा करून विकणारा व्यापारी. हाताने घासून बसवलेले भाग दुसऱ्या नगात बसत नाहीत, म्हणून जुळणीचा आकडा मारत. तो संपला की पुन्हा एकपासून. त्यावरून साल काढता येत नाही, पण ‘सगळे भाग एका घरचे आहेत का’ याला याहून चांगला साक्षीदार नाही.

7 डिसेंबर. बाकीचे आकडे

चापाच्या कड्यावर आतून 98. मुठीच्या फळ्यांच्या आतल्या बाजूला 98, एकावर ठसा, दुसऱ्यावर पुसट पेन्सिल. काडतूस ढकलायच्या सळीवर आकडा नाही, तिच्या टोकावरची रेघारेघांची पकडही वेगळ्या हातची. ती नंतर बसवलेली. अशा सळ्या वाकतात, हरवतात, त्यामुळे यात नवल नाही. नोंदीत ‘सळी बदललेली’ असं स्पष्ट लिहायचं.

8 डिसेंबर. कॅलिबर (नळीचं आणि काडतुसाचं माप), अपयशी पद्धती

या आकारात खरा घोळ दोन काडतुसांचा: .442 आणि .450 (नावातलं माप इंचांत). नळकांड्याचा व्यास एकाचा साधारण 11.95 मि.मी., दुसऱ्याचा 12.1. फरक केसाएवढा, आणि घरात गंजाचे खड्डे. व्हर्नियरने पाच घरांत 12.1 ते 12.3 अशी मापं आली. यावरून कौल देता येत नाही.

मेणाचा साचा घेतला तो फुकट गेला. मेण थंड होताना आक्रसतं आणि काढताना वाकतं. साच्यासाठीचा सेरोसेफ नावाचा मिश्रधातू उत्तम, 70 ते 88 अंशांत वितळतो, पण त्याची एक खोड आहे: आधी आक्रसतो, तासाभराने बरोबर घराच्या मापाला येतो आणि पुढे फुगत जातो. तासाने मोजायचं, दुसऱ्या दिवशी नाही. आयातीचा खर्च पाहता एका नगासाठी मागवणं परवडत नाही, म्हणून इथे वापरला नाही.

नळी सरळ व्हर्नियरने मोजणं तर सर्वांत फसवं. आत पाच चर आहेत. विषम संख्या असली की एका चराच्या बरोबर समोर दुसरा चर येत नाही, उंचवटा येतो. माप हमखास कमी भरतं.

14 डिसेंबर. शिशाने सुटलं

दोन काडतुसांच्या गोळ्यांत मात्र जवळजवळ अर्ध्या मि.मी.चा फरक आहे: .442 ची गोळी सुमारे 11.1, .450 ची 11.55. म्हणून घर सोडून नळी मोजायची. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते मऊ शिसं घेतलं. चाकाच्या तोलाचं किंवा बॅटरीचं शिसं कडक असतं, ते नळी ओरबाडतं. 12 मि.मी.चा तुकडा करून, नळीला तेल लावून, तोंडातून पितळी सळीने हळूहळू ठोकत पार केला. सिलिंडर बाहेर काढलेला असल्याने तो मागून सरळ पडला.

आता पाच चरांचा तुकडा कसा मोजायचा? त्याभोवती पातळ पत्र्याचा एकच वेढा द्यायचा, कडा एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत, वरून माप घ्यायचं आणि पत्र्याची जाडी दुप्पट करून वजा करायची. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा 0.10 भरला. वरून 11.73, वजा 0.20, राहिले 11.53. कॅलिबर .450. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

21 डिसेंबर. ठशांचं दुसरं वाचन

आर आणि लंबगोल यांचा वाद मिटवायचा होता. समोरून प्रकाश टाकून ठसे वाचणं हीच मूळ अडचण. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, तिरका, आणि चारी दिशांनी फिरवून पाहिला. एका दिशेने लंबगोलाच्या माथ्यावर तीन फिकट टिंबं उमटली.

खात्रीसाठी कापराची काजळी. कापूर पेटवून वरून भाग धरायचा, काळा मखमली थर बसतो. मग रुंद सेलोटेप दाबून उचलायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. ठशाचे खड्डे पांढरे राहतात, बाकी सगळं काळं. हेच काम खडूच्या भुकटीने करून पाहिलं तर उथळ ठशात भुकटी थांबतच नाही. काजळी नंतर तेलाच्या बोळ्याने निघून जाते.

टेपवर मुकुटाचा खालचा पट्टा आणि टिंबं स्पष्ट. मुकुट होता, झिजलेला होता. का झिजला तेही कळलं: लंबगोलाची वरची कड गोलसर झाली आहे आणि त्या गोलसर कडेवरून निकेल सलग गेलं आहे. म्हणजे नग कधीतरी घासून पुन्हा निकेल केला. चाचणीचे ठसे मूळ मुलाम्याच्या आधीचे असतात, पण मूळ मुलाम्याखाली त्यांच्या कडा धारदार राहतात. कडा बसलेल्या असतील तर दुसऱ्यांदा पॉलिश झालं असं समजावं. विकत घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं, ‘मूळ निकेल’ म्हणून दुप्पट भाव सांगितला जातो.

नळी बदललेली नाही. 16 नोव्हेंबरची तारीख रद्द, नवी खालची मर्यादा 1894.

28 डिसेंबर. वरची मर्यादा, आणि नाव

सिंहाचा पी-व्ही कुठेही नाही, म्हणजे चाचणी काळ्या, म्हणजे जुन्या धुराच्या दारूची. यावरून ‘1898 पूर्वीचं’ असं म्हणता येत नाही, कारण बिनधुराची चाचणी ऐच्छिक राहिली आणि स्वस्त नगांना ती क्वचितच मिळे. पण आजचं कुठलंही काडतूस यात घालणं म्हणजे स्वतःच्या हातात स्फोट घेणं, एवढं मात्र त्यावरून नक्की.

वरची मर्यादा ठशांतून येत नाही, इतिहासातून येते. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सैन्याने लिएज घेतलं आणि निर्यातीचा हा धंदा बसला. युद्धानंतर खिशातल्या शस्त्राची जागा आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांनी घेतली होती. आणखी एक आधार: परदेशी नग 1925 पासून ब्रिटनमध्ये चाचणीला आला तर त्यावर ‘इंग्रजी बनावटीचं नाही’ असा ठसा बसे. तो इथे नाही, अर्थात नग ब्रिटनमधून आलाच नसेल तर त्याच्या नसण्याला अर्थ नाही. म्हणून नोंद: 1894 ते 1914, शक्यतो या काळाच्या पहिल्या अर्ध्यात.

आता ‘कोणी बनवलं’. फ्रांकोतचं मुकुटाखाली ए-एफ, आंरियों-दासी-हय्शेनचं एच-डी-एच अशी व्यापारी चिन्हं असती तर नाव मिळालं असतं. ती चापाच्या कड्याखाली, मुठीच्या फळीआड, सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर शोधायची. तिन्ही जागा कोऱ्या. चित्रांशी ताडून ‘फ्रांकोतसारखं दिसतं’ म्हणता येईल, पण एकाच घरातून तेच भाग पाच व्यापाऱ्यांना जात होते, त्यामुळे दिसण्याला किंमत नाही. नोंदीत ‘निर्माता: अज्ञात, लिएज’ एवढंच. हा कमीपणा नाही, लिएजच्या बहुसंख्य स्वस्त बुलडॉगचं खरं उत्तर हेच आहे.

दुकानदाराचा शिक्का असता तर गोष्ट वेगळी. आर्मी अँड नेव्ही सोसायटीची मुंबईची शाखा 1891 मध्ये उघडली. तिचा ‘सी-एस-एल’ हा शिक्का आणि क्रमांक ज्यांच्या नगावर आहे त्यांनी ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात चौकशी करावी, सोसायटीच्या शस्त्रांची खातेपुस्तकं तिथे आहेत.

4 जानेवारी 2025. सांगीव गोष्टींचं काय करायचं

सत्तावन बाद झालं की पुढची सूचना ठरलेली येते: मग पुण्यातल्या रँडच्या खुनाच्या वेळचं असेल. 22 जून 1897 ही तारीख आपल्या चौकटीत बसते, हे खरं. पण चौकटीत बसणं म्हणजे पुरावा नव्हे, त्या वर्षी लिएजमधून असे नग ढिगाने निघत होते. खटल्यातल्या शस्त्राला मुद्देमालाचा क्रमांक असतो, पंचनामा असतो, वर्णन असतं. ते कागद नगाशी जुळले तर बोलायचं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाशी जोडलं जाणारं रिव्हॉल्व्हर तर लगेच बाजूला ठेवावं. डिसेंबर 1909 मध्ये तिथे वापरलं ते ब्राउनिंगचं पिस्तूल होतं, त्याला फिरणारा सिलिंडरच नसतो.

शोधण्यासारखे कागद म्हणजे जुने परवाने. 1878 च्या शस्त्र कायद्यापासून हिंदी माणसाला परवाना लागत असे. घरच्या दस्तऐवजांत अशा परवान्याचा कागद निघाला तर त्यात कॅलिबर, घरांची संख्या, कधीकधी नळीची लांबी असते. नगाची मापं त्याच्याशी ताडावीत. या नगाचा सर्वांत जुना परवाना स्वातंत्र्यानंतरचा, आणि त्यात ‘.450 रिव्हॉल्व्हर, बेल्जियम’ असं स्वच्छ लिहिलं आहे. बेल्जियम हे उत्तर कपाटातल्या फाइलीत आधीपासून होतं. पुढच्या नगाला फाइल पहिल्या दिवशी उघडायची.

11 जानेवारी. जुळणी आणि ठेवण

जुळणी उलट क्रमाने. आसाला पातळ यंत्रतेलाचा एक थेंब, आटे कोरडे. राहिलेला गंज 0000 नंबरच्या स्टील वूलने तेलात भिजवून, फक्त लाल गंजावर. काळसर तपकिरी थर तसाच ठेवला. निकेलच्या कडा सुटल्या आहेत तिथे स्टील वूल फिरवलं नाही, खालून गंज चढलेलं निकेल पापुद्र्यासारखं उडतं.

लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. मूळ चामडी म्यान वेगळं ठेवलं: कातडं कमावण्याची द्रव्यं ओलावा धरतात आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात म्यानाचा आकार लोखंडावर गंजाने उमटतो. फोमचा डबाही नको. बिनरंगी सुती कापड, घट्ट झाकणाचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल, नारंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये सुकवायचं.

डब्यातल्या चिठ्ठीचा मजकूर: ‘बुलडॉग घडणीचं रिव्हॉल्व्हर, पाच घरं, .450. लिएज, बेल्जियम, 1894 ते 1914. निर्माता अज्ञात. जुळणी आकडा 98, सळी वगळता सर्वत्र. निकेल दुसऱ्यांदा. काळ्या दारूची चाचणी, वापरू नये.’ काजळीच्या टेपा, शिशाचा तुकडा आणि परवान्याची छायाप्रत याच डब्यात.